पिराजीअण्णा आणि कोरडी भिंत

पिराजीअण्णांना बसलेलं मी एकदाच पाहिलं. एरवी हा माणूस कायम उभा. कॉफी उभ्यानं, बोलणं उभ्यानं, आणि आमच्या सासूबाईंचं खरं मानायचं तर झोपही टांग्याच्या घोड्यासारखी उभ्यानंच. समोर खुर्ची ठेवली की ते "सरी, सरी", म्हणजे कानडीतलं बरं बरं, म्हणत, खुर्चीच्या पाठीवर बोटानं टकटक करून लाकूड आतून पोकळ आहे का ते बघत आणि पुढच्या भिंतीकडे निघून जात. मला सुरुवातीला फार राग यायचा. बसा म्हटल्यावर पाहुण्यानं बसावं, एवढी साधी अपेक्षा आमच्या बेळगावात कुणीही पुरी करतो.

मी बेळगावची. लग्न होऊन बंगळूरला, मल्लेश्वरमातल्या सासरी आले तेव्हा राज्याचं नाव अजून म्हैसूर होतं. घर जुनं, मातीच्या जाड भिंतींचं, लाल गुळगुळीत जमिनीचं. नळ मागाहून आलेले, तरी तेही वीस-पंचवीस वर्षांचे. घरात आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मी सकाळी अंगणात रांगोळी काढत होते, तर फाटकाबाहेर एक उंच, हडकुळा माणूस रस्त्यावर ओणवा झालेला दिसला. धोतर, वर काळा कोट, डोक्याला जर उडालेला फेटा. हातात लांब काठी. काठीचं एक टोक जमिनीला लावलेलं, दुसरं कानाला. तसाच एक एक पाऊल सरकत तो फाटकातून आत आला, माझ्या रांगोळीला बेतानं वळसा घातला, भिंतीपाशी गेला आणि भिंतीलाच म्हणाला, "काय वो, बरं आहे का?"

मी धावत आत जाऊन सासूबाईंना सांगितलं, बाहेर कुणी वेडा आलाय.

"वेडा नव्हे, पिराजी," त्या म्हणाल्या. "नळाच्या वाटेनं येतोय. पोचेल आत स्वल्प वेळानं. तू कॉफी ठेव."

नळाच्या वाटेनं म्हणजे अक्षरशः तसंच. पिराजीअण्णा कुठल्याही घरात दारातून येत नसत. रस्त्यातला मोठा नळ जिथून घरासाठी फुटतो तिथून सुरुवात करून, पाणी जसं येतं तसे ते यायचे. अंगण, मग स्वयंपाकघर, मग न्हाणीघर. बैठकीच्या खोलीत नळ नसल्यामुळे त्या खोलीत ते कधी गेलेच नाहीत. आमच्या घरी इतकी वर्षं येऊन भिंतीवरचा मामंजींचा मोठा फोटो त्यांनी पाहिला नव्हता.

काम नळाचं, पण नुसतं नळ बसवणं नाही. जुन्या घरातले जस्ती नळ, म्हणजे वरून जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ, अजून किती दिवस टिकतील ते सांगणं, यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नव्हता. लोक घर विकत घ्यायच्या आधी त्यांना बोलवायचे. सकाळचं पहिलं पाणी ते पांढऱ्या चिनी वाडग्यात धरायचे आणि उजेडात नेऊन नुसते बघत राहायचे. मग जिथं नळाला आटे पाडलेले असतात तिथं चाकूच्या टोकानं हलकंसं खरवडायचे. "वरून सगळेच नळ चांगले दिसतात वो वैनी," ते मला म्हणायचे. "आटे पाडताना जस्त निघून जातं की. दुखणं तिथनं लागतं."

आणि मग बादली. नळाखाली बादली ठेवून ते डोळे मिटायचे आणि पुटपुटायला लागायचे. मला वाटलं स्तोत्र असेल. जवळ जाऊन ऐकलं तर वंशावळ. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर घोड्यावरून इकडे आले आणि इथलेच झाले. त्या घोडेस्वारापासून स्वतःच्या बापापर्यंत सगळी नावं अण्णांना तोंडपाठ होती आणि ती ते एका ठरलेल्या लयीत म्हणायचे. बादली एका वंशावळीत भरली तर नळ ठणठणीत. दीड लागली तर आतून गंज चढून नळ आवळत चाललाय. दोन लागल्या तर नळ काढा. घड्याळ का वापरत नाही, असं मी विचारलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "घड्याळ मागं पडतं वैनी. आजोबा मागं पडत नाहीत."

महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्याला ते "तिकडं" म्हणायचे आणि माझ्या मराठीला तिकडची म्हणायचे, जरी बेळगाव आमच्या दोघांच्या मते तिकडचं नव्हतं. माझ्या बोलण्याला ते हसायचे. नव्या नळासारखी आहे म्हणायचे, आवाज फार. मीही कमी नव्हते. त्यांच्या प्रत्येक वाक्यातली "स्वल्प" आणि "सरी" मी मोठ्यानं मोजून दाखवायचे. त्यांना त्याचा राग आला नाही, पण मोजणी संपेपर्यंत ते थांबलेही नाहीत. कुठंच थांबायचे नाहीत.

एकदा आमच्या नात्यातल्या लग्नाला त्यांना बोलावलं होतं. पंगत बसली, त्यांच्या पानावर वाढून झालं, आणि पान तसंच. यजमान शोधायला लागले. शेवटी ते कार्यालयाच्या मागच्या बोळात सापडले. नवा सदरा घालून जमिनीवर पालथे पडलेले, कान फरशीला. आचाऱ्याच्या नळाखाली कुठंतरी पाणी झिरपतंय, ते त्यांना मंगलाष्टकं चालू असतानाच ऐकू आलं होतं. त्यांना हाताला धरून उठवलं, पानावर आणलं, तर त्यांनी उभ्यानं दोन घास खाल्ले आणि पुन्हा बोळात गेले. वधूपित्याला वाटलं, पाहुणे रुसले.

ते यशवंतपूरला, स्टेशनच्या मागं, थोरल्या बहिणीबरोबर राहायचे. ताराक्का. आईबाप लहानपणी गेले, हिनंच त्यांना वाढवलं. ती लोकांच्या घरी पाणी भरायची. विहिरीवरून कळशा आणून न्हाणीघरातला हंडा भरायचा, रोज सात-आठ घरी. पन्नाशीच्या आत तिची पाठ कायमची वाकली. मी पाहिली तेव्हा ती जमिनीकडे बघतच चालायची आणि समोरच्या माणसाला पायांवरून ओळखायची.

इकडच्या जुन्या घरात न्हाणीघराच्या कोपऱ्यात चुलाणावर भला मोठा तांब्याचा हंडा कायमचा बसवलेला असतो. घरात नळ आले तरी ते अंगणापर्यंत आणि स्वयंपाकघरापर्यंत. हंडा भरायचा तो बायकांनीच, कळशीनं. पिराजीअण्णांनी तरुणपणी एक युक्ती काढली. भिंतीतून नळ न्हाणीत आणायचा आणि थेट हंड्याच्या तोंडावर सोडायचा. चावी फिरवली की हंडा भरला. पण बायका अडून बसल्या. स्नानाचं पाणी, सोवळ्याचं पाणी, ते लोखंडातून हंड्यात पडायचं कसं? मग अण्णांनी नळाचं शेवटचं हातभर टोक तांब्याचं केलं. भिंतीच्या आत जस्ती नळ, त्याला आट्यांनी जोडलेली तांब्याची नळी, तीच बाहेर दिसणारी. दिवाळीच्या आदल्या दिवशी इकडे पाणी भरायचा सण असतो. हंडा चिंचेनं घासून, त्याला चुन्याकुंकवाची बोटं ओढून, फुलं बांधून भरतात. त्या दिवशी ती नळीही हंड्याबरोबर लखलखायची. सासूबाई सांगायच्या, नळी बसवली तेव्हा गल्लीतल्या बायका बघायला आल्या होत्या. मामंजी हेडमास्तर. त्यांनी सगळ्यांसमोर शाबास म्हटलं आणि आणखी घरांना सुचवलं. अशी नऊ घरं झाली. अण्णांचं स्वतःचं धरून.

मला वाटतं, त्यांच्या आयुष्यात अभिमान वाटावा अशी ती एकच गोष्ट होती. दुसऱ्या कशाबद्दल ते बढाई मारत नसत. न्हाणीतल्या त्या नळीवरून जाता जाता मात्र हात फिरवायचे आणि म्हणायचे, "ताराक्काला स्वल्प उशीर झाला. बाकीच्यांच्या पाठी वाचल्या की."

साठ सालाच्या पुढेमागे आमच्या पाण्याला तांबूस रंग यायला लागला. धोतरांवर डाग, भाताला पिवळट झाक. अण्णांना बोलावलं. ते रस्त्यापासून आले, वाडगा धरला, वंशावळ म्हटली, काठी लावली. स्वयंपाकघरातला नळाचा एक कोपर, म्हणजे वळणाचा तुकडा, सडला होता तो बदलला आणि मामंजींना म्हणाले, "बाकी नळाला आणखी दहा वर्षं बघायला नको, सर." मामंजी खूश. पिराजी म्हणाला म्हणजे झालंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिराजीअण्णा पुन्हा दारात. दारात म्हणजे खरंच दारात, नळाच्या वाटेनं नाही. फेटा नीट बांधलेला नव्हता.

"वैनी, स्वल्प न्हाणीची भिंत बघतो."

"काल बघितलीत की."

"नाही बघितली. घरभर काठी लावली, तिथं लावली नाही. माझंच काम म्हणून सोडली." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "यशवंतपूरला पोचल्यावर ध्यानात आलं. मग काही सुचेना."

त्यांनी काठी लावली. बराच वेळ ऐकलं. मग छिन्नी घेऊन, तांब्याची नळी जिथं भिंतीत शिरते तिथला गिलावा काढला. आत जस्ती नळ होता. लांबवर राखाडी, शाबूत, काल बसवल्यासारखा. आणि तांब्याला लागून असलेली चार बोटं मात्र तपकिरी, फुगलेली, पापुद्रे सुटलेली. अण्णांनी चाकूचं टोक नुसतं टेकवलं. ते आत गेलं. भुर्रकन पाण्याची बारीक धार त्यांच्या कोटावर आली.

गंमत अशी की कारण अण्णांनी नाही, मामंजींनी सांगितलं. गडबड ऐकून ते न्हाणीत आले, वाकून बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. तीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. दरवर्षी एका काचेच्या भांड्यात जस्ताची पट्टी आणि तांब्याची पट्टी बुडवून, तार जोडून, मुलांना दाखवायचे, की दोन धातू एकत्र जोडून पाण्यात ठेवले की त्यातलं जस्त कसं झिजतं.

"पिराजी, हा माझा धडा आहे," ते म्हणाले. "तू नळी जोडलीस तेव्हा मी इथंच उभा होतो. मी शाबास म्हणालो."

अण्णांनी विचारलं, "म्हणजे सगळीकडं असंच?"

"सगळीकडे. जिथं जिथं जोड आहे तिथं."

दोघंही त्या धारेकडे बघत उभे. मीच चावी बंद केली, नाहीतर न्हाणीत तळं झालं असतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सोवळ्याचा प्रश्न एका वाक्यात सोडवला. "लोखंडातलं पाणी चालेल. भिंत पडलेली चालणार नाही."

कारण भिंती मातीच्या. बाहेर नळ गळला तर दिसतो, फडकं गुंडाळता येतं. भिंतीच्या आत गळला तर भिंत ते पाणी गुपचूप पिते आणि एक दिवस बसते. आणि त्या भिंतीखाली रोज कुणीतरी अंघोळ करत असतं.

त्या दिवसापासून पिराजीअण्णांच्या अंगात वारं शिरलं. आधी त्यांनी स्वतःच्या घरची भिंत फोडली. तिथंही तेच. मग उरलेली सात घरं. परक्या घरात थेट न्हाणीघरात जायचं म्हणजे सोबत बाई हवी, म्हणून मामंजींनी मला त्यांच्याबरोबर पाठवलं. मी मागं राहायचे आणि ते पुढं जवळजवळ पळायचे. प्रत्येक दारात तेच वाक्य. "मी जोड चुकीचा केलाय. भिंत फोडून द्या, मी सगळं पहिल्यासारखं करून देतो." मला त्या वाक्याची लाज वाटायची, त्यांना वाटत नव्हती. कुणी हसलं. कुणी सण होऊ दे म्हणालं. एका बाईंनी तर, इतकी सुंदर नळी काढू नका म्हणून हात जोडले. एका घरी गिलावा काढल्यावर आतली माती ओल्या गुळासारखी हातात आली, आणि त्या घरचे आजोबा पलीकडे अंग पुसत होते. ती बातमी पसरल्यावर बाकीच्यांनी भराभर भिंती उघडून दिल्या. दोन महिन्यांत आठ घरं झाली. अण्णांनी मजुरी घेतली नाही.

राहिले सुब्बराव.

सुब्बराव आमच्या मागच्या गल्लीत, त्यांच्या न्हाणीची भिंत थेट बोळावर. जुनं देशस्थ घराणं. कचेरीतून निवृत्त झालेले. जी गोष्ट कागदावर नाही ती त्यांच्या लेखी झालेलीच नसायची. अण्णांचं सगळं बोलणं त्यांनी झोपाळ्यावर बसून ऐकलं.

"आत्ता गळतोय का?"

"नाही राव."

"भिंतीला ओल आहे?"

"अजून नाही."

"मग?"

"गळेल की राव. आज नाही तर उद्या."

"गळल्यावर ये." झोपाळा चालूच होता. "आपणच बसवायचं, आपणच मोडायचं. चांगला धंदा आहे तुझा. त्या मास्तरांना गंडवलंस, मला नको."

पिराजीअण्णांच्या तोंडाला रंग राहिला नाही. आतल्या दाराच्या चौकटीला धरून रुक्माक्का, सुब्बरावांच्या पत्नी, उभ्या होत्या. साठीच्या, बारीक चणीच्या, नवऱ्यापुढं कधी न बोलणाऱ्या. अण्णा निघता निघता त्यांच्याकडे वळून म्हणाले, "अक्का, अंगणातली न्हाणीची चावी तरी बंद ठेवा. भिंत मातीची आहे."

"आणि हंडा कोण भरणार?" सुब्बराव हसले. "तू?"

अण्णांनी काठी उचलली आणि बोळात जाऊन त्यांच्या भिंतीला लावली.

तिथून पुढची सहा वर्षं मी जे पाहिलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. रोज संध्याकाळी, कामावरून यशवंतपूरला परतताना, पिराजीअण्णा वाट वाकडी करून त्या बोळात यायचे. सुब्बरावांच्या न्हाणीच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत हात फिरवायचे. काठी लावून ऐकायचे. मग हात कोटाला पुसून निघून जायचे. पावसात, थंडीत, कधी चुकलं नाही. आमच्या मागच्या खिडकीतून सगळं दिसायचं. मी एकदा कॉफी घेऊन बोळात गेले आणि विचारलं, "काय म्हणतेय भिंत?"

"कोरडी आहे."

"मग बरंच झालं की."

"बरं कसं वैनी? कोरडी कशी?" ते चिडूनच बोलले. "आठ घरांत चाकू आरपार गेला. ही त्याच वर्षाची, त्याच नळाची. कोरडी कशी राहील?"

कोरडी भिंत बघून माणूस निश्चिंत होतो. हा झुरायला लागला. पहिल्या वर्षी म्हणायचे, आणखी स्वल्प दिवस. दुसऱ्या वर्षी म्हणायला लागले, आपलं चुकलं असेल. आणि त्याहून वाईट म्हणजे, काठीतून त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. संध्याकाळी घरोघर हंडे भरतात, तेव्हा भिंतीत पाण्याचा आवाज हवा. या भिंतीत काही नाही. म्हणजे कान गेला, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

सुब्बराव तर भेटेल त्याला सांगायचे. वर्षं मोजायचे. "तीन वर्षं झाली, एक थेंब गळला नाही. चार झाली. पिराजीचं भाकीत बघा." लोक ऐकायचे आणि हसायचे. जुनी घरं बघायला कुणी पिराजीअण्णांना बोलवेनासं झालं. आणि कुणी बोलावलं तरी ते नळ बसवून द्यायचे, पण टिकेल किती ते सांगायचे नाहीत. "ते मला विचारू नका. मला आता कळत नाही." बादली भरताना वंशावळ म्हणायचंही त्यांनी सोडलं. मला ते बघवत नव्हतं. एकदा मी मामंजींवर चिडले, तुम्ही जाऊन सुब्बरावांना धडा का शिकवत नाही म्हणून. ते गेलेही होते, दोनदा. सुब्बरावांनी त्यांना न्हाणीत नेऊन काठोकाठ भरलेला हंडा आणि कोरडी भिंत दाखवली. पुराव्यापुढं मामंजींचं विज्ञान गप्प बसलं.

सहाव्या वर्षी उन्हाळ्यात सुब्बराव गेले. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. दिवाळीच्या आधी रुक्माक्कांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "पिराजीला सांग, भिंत उघडायला ये म्हणून. सणाच्या आत झालं तर बरं."

मी यशवंतपूरला जाऊन निरोप दिला, तर अण्णा यायलाच तयार होईनात. "काय उघडू? नळ चांगला निघाला तर?" मी म्हटलं, चांगला निघाला तर निघाला, पण तुम्ही त्या बोळातून सुटाल. ताराक्का कोपऱ्यात बसली होती. जमिनीकडे बघतच म्हणाली, "जा रे. सहा वर्षं मला झोपू दिलं नाहीस."

आले ते नेमके पाणी भरायच्या सणाच्या दिवशी दुपारी. रुक्माक्कांनी हंडा घासून ठेवला होता, झेंडूची माळ तयार होती. अण्णांनी गिलावा काढला. तांब्याची नळी तीच, जोड तोच. त्यांनी चाकू उचलला. लागलाच नाही चाकू, कपचा आपोआप खाली पडला. नळ अर्धा उरलाच नव्हता. बोट आरपार जात होतं.

पण आत पाणी नव्हतं. एक थेंब नाही. नुसती लाल कोरडी पूड.

अण्णांनी ती बोटावर घेतली, चोळली, पुन्हा बघितली. मग अंगणातून येणाऱ्या नळाच्या वाटेनं उलटे मागं गेले. मी मागोमाग. चावीपर्यंत पोचले. चावी बंद होती. तिच्यावर फडक्याची चिंधी घट्ट बांधलेली, आणि त्या चिंधीचा रंग कधीच उडालेला.

"अक्का," ते म्हणाले, "ही कधी बंद केली?"

"तू सांगितलंस ना. त्याच दिवशी."

"सहा वर्षं?"

"हो."

"मग हंडा?"

रुक्माक्कांनी अंगणातल्या नळाकडे नुसती मान हलवली. तिथं कळशी पालथी घातलेली होती. "रोज चौदा. ते दुपारी निजले की भरून ठेवायची. सणाला वीस लागतात."

"रावांना सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर हट्टानं चावी उघडली असती की. आणि अंघोळीला तेच बसत होते भिंतीखाली." त्या इतकं साधं बोलत होत्या की मलाच रडू यायला लागलं. "तुझ्याबद्दल बाहेर काय बोलायचे ते कळायचं रे मला. तुला सांगावं असं फार वाटायचं. पण तू कुणाला बोलला असतास, आणि त्यांच्या कानावर गेलं असतं."

पिराजीअण्णा भिंतीकडे वळले. म्हणाले, "ऐकायला काही नव्हतंच. कान बरा होता म्हणायचा." आणि हसले. मी त्यांना इतक्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. पण ते हसू तोंडावरून उतरायच्या आतच त्यांची नजर रुक्माक्कांवर गेली. त्या कमरेला हात लावून, किंचित वाकून उभ्या होत्या. आल्यापासून तशाच उभ्या होत्या, आमच्या लक्षात आलं नव्हतं.

तेव्हा पिराजीअण्णा खाली बसले. न्हाणीच्या उंबऱ्यावर, फेटा काढून मांडीवर ठेवून. मी त्यांना बसलेलं पाहिलं ते तेवढंच. चौदा म्हणाले, मग काहीतरी हिशेब केल्यासारखं पुटपुटले आणि तो अर्ध्यावर सोडून दिला. रुक्माक्का कॉफी आणते म्हणाल्या, तर त्यांना हातानंच थांबवलं.

थोड्या वेळानं ते उठले, अंगणात गेले आणि नळाखाली कळशी लावली. नवा नळ उद्या घालता आला असता, पण हंडा आज भरायचा होता. मी दुसरी कळशी उचलली तर म्हणाले, "तुम्ही नको वैनी." तेव्हा ते साठीला टेकले होते, खांद्यावर कळशी घ्यायची सवय नव्हती. पाणी कोटावरून पाठीवर ओघळत होतं. अंगणातून दोन पायऱ्या चढून न्हाणीत, हंड्यात ओतायची, पुन्हा खाली.

पुढच्याच महिन्यात आमच्या यांची हुबळीला बदली झाली. मग मामंजीही गेले, बंगळूरचं घर सुटलं, आणि पिराजीअण्णा मला पुन्हा दिसले नाहीत. दिसतात ते त्या संध्याकाळचे. विसावी कळशी पडली आणि रुक्माक्कांनी हंड्याला माळ घातली. म्हणाल्या, "पुरे रे, भरला." पाणी हंड्याच्या काठावरून खाली सांडत होतं. अण्णा एकविसावी आणायला पायऱ्या उतरून गेले होते.